कव्हरवरची बाई

डीव्हीडीच्या डबीचे कव्हर म्हणजे एकच लांबट कागद असतो. रुंदी दोनशे त्र्याहत्तर मिलिमीटर, उंची एकशे त्र्याऐंशी. डावीकडे मागची बाजू, उजवीकडे पुढची आणि मध्ये चौदा मिलिमीटरची उभी पट्टी. डबी कपाटात उभी ठेवली की तेवढी पट्टीच दिसते. हे आकडे मला पहिल्याच दिवशी आवडले. मी अठ्ठावीस वर्षे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. ज्या कामाला आकडे असतात त्या कामात आपल्या हातून फार मोठी चूक होणार नाही, असा माझा समज होता.

काम ताईचे होते. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बत्तीस वर्षे तिने घराच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवला. चार मशिने, कापड बेतायचे एक लांब टेबल आणि भिंतीला टेकवलेला, एका कडेने काळा पडलेला आरसा. आता सुईत दोरा ओवायला तिला दुसऱ्याचे डोळे लागत होते, म्हणून तिने क्लास बंद करायचे ठरवले. तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी ते सुखासुखी होऊ दिले नाही. त्यांच्यातली एक, जिला ताई अजूनही 'काजवाली' म्हणते (पहिल्या वर्षी तिने एका अख्ख्या ब्लाउजची काजे चुकीच्या बाजूला केली होती), कॅमेरा घेऊन आली. शिडीला कॅमेरा बांधून तिने टेबलाचे वरून चित्रण केले. माप घेण्यापासून बाही लावण्यापर्यंत बारा धडे. सगळ्या चित्रणात ताईचे हात आहेत आणि ताईचा आवाज आहे. तोंड कुठेच नाही.

साठ डिस्क काढायच्या होत्या. निरोपाच्या कार्यक्रमात प्रत्येकीला एक.

"कव्हर मी करते," मी म्हणाले.

"तू?" ताई म्हणाली. "तुला कागदाचं विमान येत नव्हतं."

"शिकेन."

"शीक बाई. शास्त्रज्ञ बहीण असल्याचा कधी तरी उपयोग होऊ दे."

वाचनालयात दर शनिवारी सकाळी नवशिक्यांसाठी फोटोंवर काम करायचा वर्ग चालायचा. शिकवणाऱ्यांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. तो बंद करून ते इथे आले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचे शिकवणे म्हणजे अर्धा वेळ शिकवणे आणि अर्धा वेळ बोलणी.

"मूळ फोटो म्हणजे सासूबाई," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "मान द्यायचा आणि लांब राहायचं. हात लावायचा नाही. आधी त्याची नक्कल करा, नकलेवर काय हवा तो धुमाकूळ घाला."

सगळे हसले. मी वहीत लिहून घेतले: 'मूळ फाइलवर काम करू नये.' मला ते नवे नव्हते. आमच्याकडे पाण्याचा नमुना आला की त्याचे दोन भाग होतात. एक तपासायचा, दुसरा मोहोर लावून शीतकपाटात ठेवायचा. निकालावर शंका आली तर तो दुसरा उघडतात. हा दुसरा भाग ठेवला नाही म्हणून मी एका मुलीला सगळ्यांसमोर बोलले होते. ती रडली होती.

कव्हरच्या चारही कडांना तीन मिलिमीटर चित्र जास्तीचे ठेवायचे असते, म्हणजे कागद छाटताना कडेला पांढरी रेघ राहत नाही. मास्तर त्याला ब्लीड म्हणत. मी हे ताईला सांगितले तेव्हा ती वैतागली.

"म्हणजे शिवणीत माया ठेवतात तसं. मग तसं सांग ना. ब्लीड काय, ब्लीड! कुणाचं बोट कापल्यासारखं."

फोटो तिने दिला. भावोजींच्या छोट्या कॅमेऱ्यातले कार्ड, नखाएवढे, काडेपेटीत कापसावर ठेवलेले. भावोजींना जाऊन चार वर्षे झाली. त्यांना फोटो काढायची हौस फार आणि हात कापरा. कार्डावर ढग होते, शेजारची मांजरे होती, कशाचे तरी अर्धे चाक होते आणि ताईचा एक फोटो होता.

"मी डोळे मिटलेले नाहीत असा त्यांनी काढलेला एवढा एकच आहे," ताई म्हणाली. "जपून हं."

फोटोत ती कापड बेतायच्या टेबलावर वाकलेली आहे. गळ्यात टेप, उजव्या हातात खडू. कुणी तरी हाक मारल्यासारखी तिने मान वर केली आहे आणि तोंड किंचित उघडे आहे. काही तरी सुनावणार होती, असे वाटते.

आता सांगायचे ते सांगते. ताईला कोड आहे. दहाव्या वर्षी सुरू झाले. ओठांच्या कडेला, पापण्यांवर, हनुवटीखाली, मानेवर आणि दोन्ही हातांवर. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी काही ठिकाणी नाहीशा होतात, एवढीच गोष्ट आहे. ते दुखत नाही, खुपत नाही, एकाचे दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटले असेल याची गणती नाही. ताईच्या घरी चहाचा कप हातात घ्यायला बिचकणाऱ्या एका बाईला मी पंधरा मिनिटे पेशींची माहिती दिली होती. ऑफिसात कुणी कुजबुजले तर मी फळ्यावर आकृती काढली असती. या बाबतीत माझे मन स्वच्छ आहे, याविषयी मला कधी शंका आली नव्हती.

एका रविवारी दुपारी मी कॉम्प्युटरपुढे बसले. कार्डावरचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला. कॉपीसाठी कंट्रोल आणि सी दाबायचे असते. सीच्या डाव्या हाताला एक्स आहे. तो दाबला तर फाइल कॉपी होत नाही, उचलली जाते आणि मूळच्या जागी राहत नाही. मी कोणते दाबले हे मला त्या वेळी कळले नाही. फोटो पडद्यावर आला, तेवढे मी पाहिले.

अक्षरे छान बसली. पट्टीवर नाव उभे बसले. मागच्या बाजूला बारा धड्यांची यादी. मग फोटोत भिंतीवर एक करडा ठिपका दिसला. भिंगावरची धूळ असणार. मास्तरांनी दिलेल्या मराठी टिपणात एका साधनाचे नाव होते 'डाग काढायचा ब्रश'. खाली लिहिले होते: आजूबाजूचा रंग घेऊन डाग भरून टाकतो. मी ठिपक्यावर एकदा दाबले. ठिपका गेला. भिंत अशी झाली की तिथे कधी काही नव्हतेच.

मग ताईच्या खांद्यावर एक दोरा होता. तो गेला.

त्यानंतरचे मी नंतर बऱ्याचदा तपासून पाहिले आहे. हात थांबला होता का? मी काही ठरवले होते का? दोन्हींचे उत्तर नाही असेच येते. बाण खांद्यावरून वर गेला आणि ओठांच्या कोपऱ्याशी आला. मी फोटो तीनशे टक्के मोठा केला होता. एवढ्या जवळून चेहरा दिसत नाही, फिकट आणि गडद चौकोन दिसतात. मी फिकट चौकोन भरत गेले. ओठ, पापण्या, हनुवटी, मान. मग हात. पाऊण तास लागला. एकदाही मला वाटले नाही की मी काही वाईट करते आहे. उलट वाटले की हात बसला. मग मी फोटो पुन्हा पूर्ण दिसेल एवढा लहान केला, आणि माझ्या मनात आलेले पहिले वाक्य होते: किती छान दिसते ताई.

मी सेव्ह केले. पडद्यावरची खिडकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी काजवालीचे चित्रण डिस्क काढणाऱ्याकडे न्यायचे होते. एक कार्ड हाताशी होते, काडेपेटीतले. त्यातले ढग आणि मांजरे मी नीट जपून ठेवली आणि उरलेल्या जागेत बारा धडे भरून घेऊन गेले. कार्ड काठोकाठ भरले.

शनिवारी मी कव्हरची एक नमुना छपाई घेऊन वर्गात गेले. शाबासकी हवी होती, खोटे कशाला बोलू. मास्तरांनी कागद उजेडात धरला.

"सफाई आहे हो कामात. नवशिक्याचं वाटत नाही. इथं ओठांपाशी काही तरी भरलंय तुम्ही. काय होतं?"

"कोड," मी म्हणाले.

मास्तरांनी कागद खाली ठेवला. "त्यांनी काढायला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

त्यांनी बसायला खुर्ची ओढली. आवाज बारीक केला, बाकीच्यांना जाऊ नये म्हणून. ती भलाई मला जास्त लागली.

"चाळीस वर्षं मी हाच धंदा केला, बाई. मुरमं काढली, टकलांवर केस लावले, तिरळे डोळे सरळ केले. पण लोक सांगायचे तेव्हा. न सांगता मी कुणाचं नाक नाही सरळ केलं." मग ते सावरले. "असू दे. मूळ आहे ना? त्यावरून पुन्हा करू. अर्ध्या तासाचं काम."

मी लॅपटॉप उघडला. फोल्डरमध्ये एकच फाइल होती. त्यांनी ती उघडली. कोड नसलेली ताई. त्यांनी तारीख पाहिली, वेळ पाहिली.

"सासूबाईंवरच काम केलंत?"

"चुकून."

"कार्डावर असेल की."

कार्ड माझ्या पर्समध्ये होते. कार्डावर ढग होते, मांजरे होती, अर्धे चाक होते आणि बारा धडे होते. मास्तरांनी हरवलेल्या फाइली शोधायचा एक प्रोग्राम लावला. हिरवी पट्टी सरकत शेवटाला गेली. फाइलचे नाव सापडले, चित्र नाही. त्या जागेवर धडा आठवा बसला होता. कॉलर.

"कागदावर कधी छापला होता? कुणाला पाठवला होता?"

"नाही."

त्यांनी प्रोग्राम बंद केला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. माझ्यासारख्या माणसाला लोक सहसा समजावून सांगत नाहीत. मला समजले आहे असे ते धरून चालतात.

घरी येऊन मी ठरवले की कोड परत रंगवायचे. जे काढता येते ते घालताही यायला हवे. वहीचे पान घेतले, अंडाकृती चेहरा काढला आणि पेन्सिल टेकवली. ओठांचा कोपरा. उजवा की डावा? दोन्ही? पापणीवरचे भुवईला भिडते का? हनुवटीखालचा भाग केवढा आहे, सलग आहे की मध्ये तुटलेला? मी चित्रणातून हात पाहिले. ते नीट दिसत होते. हात मी मापासकट उतरवले. तोंड चित्रणात नव्हतेच. घरातल्या समारंभांचे जुने फोटो बाहेर काढले. त्यांत ताई मागच्या रांगेत होती किंवा तिने तोंड फिरवले होते किंवा ताट वाढत वाकली होती. यांतले बरेच फोटो मीच काढलेले होते.

एका गावाच्या पाण्यात दशलक्षात किती भाग काय आहे ते मी न बघता सांगू शकते. सत्तावन्न वर्षे जिला बघत आले तिच्या तोंडावरचे कोड कुठे आहे, ते मला माहीत नव्हते. मी तिच्याशी बोलताना कुठे बघते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा शोधले. मी तिच्या कपाळाकडे बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले. ती टेबलाशी बसून ब्लेडने एक शिवण उसवत होती.

"चप्पल राहू दे पायात," ती म्हणाली. "खाली टाचण्या सांडल्यात."

मी समोर बसले आणि तिच्याकडे बघायला लागले. ओठांचा डावा कोपरा. उजवाही, पण कमी. डाव्या पापणीवरचे भुवईच्या आत शिरलेले, तिथे भुवईचे चार केसही पांढरे.

"काय बघतेस गं? नाकाला काही लागलंय का माझ्या?"

"नाही."

"मग पाण्याची बाटली तपासल्यासारखी काय बघतेस?"

मी सांगितले. अहवाल लिहितात तसे, क्रमाने. ठिपका, दोरा, ओठ. नमुना छपाई. फोटो हरवल्याचे मात्र नाही सांगितले. तेवढे मागे ठेवले. ती ब्लेड चालवतच होती. एकेक टाका कट् कट् तुटत होता.

"दाखव," ती म्हणाली.

तिने छपाई आधी लांब धरली, मग चष्मा लावून जवळ घेतली. मग पालथी करून मागची कोरी बाजू पाहिली. कुणाचेही शिवण हातात आले की ती आधी उलटी बाजू बघते.

"बरी दिसते ही," ती म्हणाली. "कोण आहे?"

"ताई, असं नको ना..."

"नाही, खरंच विचारतेय. बत्तीस वर्षं क्लास चालवला हिनं आणि बोटाला एक घट्टा नाही. सुई टोचल्याची एक खूण नाही. नशीब काढलंन हो पोरीनं."

घट्टे मी पाहिलेच नव्हते. तेही फिकट होते, म्हणून भरून टाकले असणार.

"त्या ब्रशचं नावच तसं आहे," मी म्हणाले. "डाग काढायचा..."

"ब्रशचं नाव राहू दे ब्रशपाशी. तुला काय वाटलं ते विचारतेय मी."

माझ्याकडे कारणे होती. छपाईत फिकट भाग उडतात. कव्हरवर नजर अक्षरांकडे जायला हवी. अर्धीमुर्धी खरी होती ती. पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला पहिल्यांदा तिच्या कपाळाकडे बघता येईना.

"डाग वाटला," मी म्हणाले.

"आता वाटला?"

"नाही. पहिल्यापासून."

"माहितीये मला."

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की मला वाटले ती दुसऱ्याच कशाबद्दल बोलते आहे.

"सहावीत होतीस तू," ती म्हणाली. "मी तुला शाळेतून आणायला यायचे. एक दिवस म्हणालीस, ताई, फाटकापाशी फार गर्दी असते, तू सायकल स्टँडच्या मागं थांब. थांबले. दोन वर्षं थांबले तिथे." ब्लेडच्या टोकाने तिने तुटलेले दोरे गोळा केले. "फाटकापाशी सावली होती गं. झाड होतं मोठं. सायकल स्टँडपाशी नुसता पत्रा."

"मला वाटलं, तुला गर्दीचं खरं वाटलं."

"अकरा वर्षांच्या पोरीचं खोटं सतरा वर्षांच्या पोरीला कळत नाही होय?"

ती शिवण उसवत राहिली. मग म्हणाली, "बरं, झालं ते झालं. मूळचा फोटो घाल आता तिथे. अजून आठवडा आहे."

मागे ठेवलेले वाक्य तेव्हा बोलावे लागले.

"ताई, मूळचा फोटो नाहीये."

"म्हणजे?"

"मी त्याच्यावरच काम केलं. कार्डावरचाही गेला. कुठेच नाहीये."

तेव्हा तिने ब्लेड खाली ठेवले. कोड पुसल्याचे ऐकताना ठेवले नव्हते.

"दिवा लावा आधी, असं म्हणत होते मी," ती म्हणाली. "अंधारात काय येणार आहे फोटोत, असं. ते हसत होते कॅमेऱ्यापलीकडे. लावलाच नाही त्यांनी दिवा."

"मी परत रंगवते. तुला समोर बसवून, नीट बघून, माप घेऊन..."

"आजचं बघून? सहा वर्षं झाली त्या फोटोला. केवढं पसरलंय यात. तेव्हा कुठवर होतं, सांगता येईल तुला?"

"नाही."

"मलाही नाही. मी कुठं आरशात मोजत बसते? त्यांना माहीत होतं." ती उठली, खिडकीपाशी गेली, पुन्हा आली. उगाचच टेप गुंडाळला. "कोड माझं आहे गं. ते उद्याही असणार आहे. फोटो त्यांचा होता."

मी तिच्या हाताला हात लावायला गेले. तिने हात काढून घेतला नाही, पण तो टेपच्या गुंडाळीसारखाच पडून राहिला.

"रविवारी डिस्क तूच वाट," ती म्हणाली. "कव्हरवर काय घालायचं ते तुझं तू बघ. मला आधी दाखवू नको."

त्या आठवड्यात मी नवे कव्हर केले. धडा सातवा, बाही लावणे. त्यातले एक दृश्य थांबवून घेतले: दोन हात, मधे कापड, अंगठ्याखाली दाबलेली चुणी. आधी तीन नकला केल्या, तीन वेगळ्या जागी ठेवल्या. चित्र जरा धूसर होते, राहू दिले. मनगटाला चिकटलेला दोरा राहू दिला. शीर्षक पांढऱ्या अक्षरांत होते, ते हाताच्या पांढऱ्या भागावर वाचता येईना. मी अक्षरे काळी केली. एवढे साधे होते ते. पहिल्या वेळीही अक्षरे काळी करता आली असती.

कार्यक्रम एका लहान सभागृहात होता. घडीच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर साठ डब्या. बायका सगळ्या एकदम बोलत होत्या. कुणी स्वतः शिवलेले घालून आली होती आणि ताई पहिल्या खुर्चीत बसून एकेकीची बाही ओढून बघत होती. "ही टीप तू घातलीस? मला लाज आणलीस," असे म्हणत होती आणि त्या खूश होत होत्या. माझ्याशी ती सकाळपासून कामापुरतेच बोलली होती. मी रांगेने डब्या देत गेले. साठच्या साठ संपल्या. ताईने तिची डबी मांडीवर पालथी ठेवली होती.

मी बसायला वळले तेव्हा काजवाली उभी राहिली. तिचा आवाज पहिल्यापासून मोठा.

"मावशी, कव्हर झकास झालंय! पण बाईंचा चेहरा कुठंय? काकांनी काढलेला तो खडूवाला फोटो घालणार होता ना? बाईंनी आम्हाला कॅमेऱ्यात दाखवला होता. काय छान आला होता तो!"

"हो, तो का नाही घातला?" आणखी दोघी-तिघींनी विचारले.

त्यांनी तो पाहिलेला होता. इथल्या कितीतरी जणींना त्यातले कोड कुठवर होते ते कदाचित आठवत असेल.

"तो फोटो खराब झाला," मी म्हणाले.

"अरेरे," काजवाली म्हणाली. कुणी तरी म्हणाले, कॉम्प्युटरचा भरवसाच नसतो. बायकांनी माना हलवल्या. आता पुढे काही सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी ते मानले होते आणि दोष कॉम्प्युटरकडे गेला होता.

प्रयोगशाळेत मी नव्या मुलींच्या अहवालांत हेच खोडत असते. 'नमुना सांडला' असे लिहायचे नाही. नमुना आपण होऊन सांडत नाही. कुणी सांडला ते लिहा.

"झाला नाही," मी म्हणाले. "मी केला."

माझा आवाज मोठा नाही. पुढच्या दोन ओळी गप्प झाल्या, मागे बोलणे चालूच होते.

"ताईच्या तोंडावरचं आणि हातावरचं कोड मी त्या फोटोतून पुसून टाकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते डाग वाटले. आणि मूळ फोटो मी ठेवला नाही. भावोजींनी काढलेला तो एकच होता."

काजवाली उभीच होती. बसावे की नाही ते तिला कळेना. मी ताईकडे पाहिले. तिने मांडीवरची डबी उलटी करून सुलटी केली होती आणि ती कव्हर बघत होती, चष्मा लावून, जवळून. तिने मान वर केली नाही.

"मागच्या ओळीत ऐकू गेलं नाही," ती म्हणाली. चुकीची टीप घालणाऱ्या मुलीला ती याच आवाजात पुन्हा घालायला सांगते. "पुढे ये आणि मोठ्यानं सांग."

मी टेबलाच्या पुढे जाऊन उभी राहिले. मागचे बोलणे हळूहळू थांबले. मग मी पहिल्यापासून सांगितले.